थंड कोपऱ्यातली डबी

प्रिय आई,

हे पत्र धाकट्याकडून वाचून घेऊ नकोस. तो निम्मं गाळेल आणि उरलेल्या निम्म्यात स्वतःचं घालेल. शेजारच्या शिलाईवाल्या मावशींना सांग, त्या अक्षर न अक्षर वाचतील. मावशी, तुम्हाला नमस्कार. मध्ये एके ठिकाणी आई म्हणेल, पुरे, ठेवा तो कागद. तेव्हा थांबू नका.

तीन आठवडे झाले, तू फोन घेत नाहीस. धाकटा म्हणतो, आई कामात आहे. तू कामात असतेस हे मला काय आज कळतंय? पण आधी तू इस्त्री न थांबवता फोन खांद्याला लावायचीस आणि मला बाहीवरून फिरणाऱ्या इस्त्रीचा आवाज ऐकू यायचा. आता नुसती घंटी वाजते. मी बरी आहे. जेवते. खोलीला कुलूप लावून अर्ध्या रस्त्यातून परत येते आणि ओढून बघते, ती खोड गेलेली नाही. प्रबंधाची पानं दोनशे बारा आहेत. काल तीनदा मोजली, तिन्ही वेळा तेवढीच भरली.

मी इथे नेमकं काय करते ते तुला नीट कधी सांगितलंच नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं की तू म्हणतेस, शिकते अजून. त्यावर त्या कोपऱ्यावरच्या बाई म्हणाल्या होत्या ना, एवढी वर्षं, नापास होते का? आपल्या घरात शाळेची पायरी चढणारी मी पहिली, त्यामुळे पुढच्या पायऱ्यांची नावं कोणालाच ठाऊक नव्हती, आणि मलाही सांगायचा कंटाळा यायचा. तर ऐक. आमच्या इमारतीला चार मजले. खालच्या दोन मजल्यांवर दगड, पाणी, हवा, उष्णता यांचा अभ्यास चालतो, वरच्या दोन मजल्यांवर माणसांचा. तळाशी एक जण वर्षभर वाळत्या चिखलाला तडे कसे जातात तेवढंच बघतो आहे. बरोबर त्याच्या डोक्यावर, दोन मजले वर, एक मुलगी रांगेतली माणसं अनोळखी माणसाची जागा का राखतात ते शोधते. एक बाई धुळीचं वजन करतात. एक म्हातारे गृहस्थ शंभर वर्षांपूर्वी लोक बुटांची एक जोडी किती वर्षं वापरायचे ते जुन्या कागदांतून काढतात आणि सापडलं की लहान मुलासारखे जिन्यात येऊन सांगतात. पहिल्या वर्षी मी दारांवरच्या पाट्या वाचत वरखाली फिरायचे. वाटायचं, विचारायला लाज वाटावी असा एकही प्रश्न जगात नाही. लहानपणी मी हातात फुटपट्टी घेऊन घरभर हिंडायचे आणि धाकटा मला मापाडी म्हणून चिडवायचा. इथे सगळेच मापाडी.

पण खालची माणसं वर चढत नाहीत आणि वरची खाली उतरत नाहीत. माझा विषय पडला जिन्यातला. पत्र्याच्या एका खोलीत संसार आणि धंदा दोन्ही असले की उन्हाळ्यात तिथे किती तापतं, आणि ते तापणं कोणाच्या अंगावर येतं. पहिला अर्धा प्रश्न उष्णतेचा, म्हणून खालचे सर माझे मार्गदर्शक. दुसरा माणसांचा, म्हणून वरच्या मॅडम. तू नेहमी म्हणतेस तेच झालं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

गेल्या उन्हाळ्यात मी तुझ्या टेबलाच्या वर खिळ्याला पांढरी डबी टांगली होती, आठवते? तशा चाळीस घरांत टांगल्या. त्या दर दहा मिनिटांनी उष्णता टिपतात आणि आकडा इथे माझ्याकडे पाठवतात. महिन्याने इथे बसून सगळ्या डब्यांची नोंद वाचली तर आपल्या घराचे आकडे वेड्यासारखे. दुपारी एकला उष्णता तीन अंशांनी उतरायची, हळूहळू चढायची, अडीचला पुन्हा उतरायची, चारला पुन्हा. ऐन उन्हात, पत्र्याखाली. सर म्हणाले, डबी बिघडली. मी दोन दिवस तिचे रात्रीचे आकडे बाकीच्या डब्यांशी ताडून पाहिले. ती ठणठणीत होती. मग आकड्यांचा कागद समोर ठेवून बसले असताना त्या वेळाच मला ओळखीच्या वाटल्या. एक, अडीच, चार. तू इस्त्री उभी करतेस, माठातून पेला भरतेस, अर्धा पितेस आणि उरलेलं पाणी कपड्यांवर शिंपडायच्या वाटीत ओततेस. लहानपणी मी त्या वेळांवर शाळेचा अभ्यास बेतायचे. मला महिना लागला ओळखायला, याची लाज वाटते.

मी दुसऱ्याच दिवशी आले. डबी खिळ्यावर नव्हती. माठाच्या मागे, ओल्या फडक्यात गुंडाळून, आपल्या खोलीतल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवलेली होती. तू म्हणालीस, किती तापत होती बिचारी, टेबलावर वाफ लागते, लेकीची वस्तू आहे, खराब झाली तर तुला बोलणी बसतील. पेल्यातलं पाणी तू तिच्यासाठी वाचवत होतीस. ओलं फडकं वाळताना उष्णता घेऊन जातं, हे सरांनी आम्हाला फळाभर आकडे लिहून शिकवलं होतं. तू ते डबीवर करून दाखवलंस.

तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलले. मी दुसरी डबी काढून टेबलाच्या पायाला, तू उभी राहतेस तिथे, बांधली आणि म्हणाले, हिला मात्र हलवू नकोस. तू विचारलंस, आधीचं काही चुकलं का ग? मी म्हणाले, नाही, काही नाही. मला वाटलं कशाला तुझ्या जिवाला घोर. ते खोटं मला अजून टोचतं, कारण तेव्हाच खरं सांगितलं असतं तर तुला ते धाकट्याच्या तोंडून, तिखटमीठ लावून ऐकावं लागलं नसतं.

मग मी सगळी घरं पुन्हा फिरले. चाळीसपैकी अकरा घरांत डबी हललेली. एकीने ती पाळण्याच्या दोरीला बांधली होती. एकीने सासऱ्यांच्या उशाशी, खिडकीत. एकीच्या घरात कपाटात, मुलीच्या शाळेच्या कागदांबरोबर. पापड लाटणाऱ्या एका बाईंनी तर मला दटावलं, पाहुण्याला कोणी चुलीजवळ बसवतं का? अकराही घरांत डबीला घरातली सगळ्यात गार जागा मिळाली होती. मी ती तिथेच राहू दिली आणि बाई जिथे काम करते तिथे दुसरी बांधली. आई, आपली खोली दहा बाय बारा. माठामागे आणि टेबलापाशी साडेपाच अंशांचा फरक निघाला. फडकं न लावता मोजलं तरी चार. एका खोलीत दोन उन्हाळे. गार उन्हाळा बाळाला, म्हाताऱ्याला, पाहुण्याला, लेकीच्या डबीला, आणि दुसरा जी वाटप करते तिला. सरांच्या गणितात एका खोलीला एकच आकडा असतो. मॅडमच्या पुस्तकांत आकडाच नसतो. हे दोघांपैकी एकालाही एकट्याने दिसलं नसतं. मलाही दिसलं नसतं, तू डबीला हात लावला नसतास तर.

तीन आठवड्यांपूर्वी प्रबंध तपासणाऱ्या समितीपुढे हे मांडलं. सर वाईट नाहीत, त्यांना मी पास व्हायला हवी आहे. म्हणाले, अकरा घरं गाळून टाक, यंत्रात बिघाड असं लिही, एकोणतीस उरतात, पुष्कळ झाली. मॅडम म्हणाल्या, अंश-बिंश सगळे काढ, बायकांचं बोलणं तेवढं ठेव, ते फार सुंदर आहे. सुंदर. अध्यक्ष म्हणाले, बाई, एक काय ते ठरवा, खालचं की वरचं, दोन दगडांवर पाय ठेवून कोणी नदी ओलांडत नाही. मी म्हणाले, सर, नदी दगडांवरूनच ओलांडतात. त्यांनी एक कागद दिला. त्यात रकाना आहे, 'त्रुटीचे कारण', आणि पुढे एक ओळ. ती भरून, गाळायचं ते गाळून द्यायचं, नाहीतर प्रबंध अडकणार आणि वर्षअखेरीला वसतिगृहाची ही खोलीही सुटणार.

घाबरून मी धाकट्याला फोन केला. तू डबी हलवलीस म्हणून माझा प्रबंध अडकला, असं त्याने तुला सांगितलं. बाकी तुला माहीत आहे. पण तू त्याच्याकडून उलट जो निरोप पाठवलास, तो त्याने कालपरवा मला सांगितला. त्यासाठी हे पत्र. (मावशी, आता थांबू नका.) तू म्हणालीस, त्या रकान्यात माझ्यावर लिही. लिही की आई अडाणी आहे, सांगूनही ऐकलं नाही, यंत्राला हात लावला. माझं काय जातंय, तू तरी सुटशील.

नाही लिहिणार. जन्मात तुझा शब्द मोडला नाही, हा मोडते. बिघाड असं लिहिणार नाही, कारण डबी चांगली होती. तुझ्यावर लिहिणार नाही, कारण तूही चुकली नाहीस. सुटण्यासाठी मी शिकले नाही. आज सकाळी मी तो कागद देऊन आले. ओळीवर लिहिलं आहे: संशोधिकेने डबी टांगताना विचारले नाही, की या घरात थंड जागा कोणाला देतात. अकराही घरं प्रबंधात आहेत, अंशांसकट आणि बोलण्यासकट, दोनशे बारा पानं, एकही कमी नाही. अडवायचं तर अडवू देत. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता मला हे सगळ्यांसमोर मांडायचं आहे, खालचे आणि वरचे दोघेही असतील, बूट मोजणारे म्हातारे गृहस्थ पहिल्या रांगेत बसणार म्हणून सांगून गेलेत. ज्यांच्या घरातलं लिहिलं त्यांची परवानगी लागते. दहा जणींनी दिली आहे. अकरावी फोन घेत नाही. तेव्हा गुरुवारी इस्त्री बंद ठेव आणि तुझा होकार किंवा नकार तूच येऊन सांग. नकार दिलास तर आपलं घर गाळेन, पण कारणाच्या जागी तू नको म्हणालीस एवढंच लिहीन, अडाणी हा शब्द लिहिणार नाही. आलीस तर माठामागची ती डबी बरोबर आण. मी अजून ती उचललेली नाही. फडक्यात गुंडाळूनच आण, आणि निघताना त्याच्यावर पाणी शिंपड. समितीच्या टेबलावर ती तशीच ठेवायची आहे.

तुझीच,
मापाडी