गुडघ्यामागची खसखस

चिरंजीव ऑरिन यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळे आशीर्वाद, कारण माझ्या भावजयीच्या, जॉइसच्या बोलण्यावरून तो आता तुझ्यापासून वेगळा राहायला लागलाय असं दिसतं. (तिने चहाडी केली असं समजू नकोस. मी फोनवर सहज विचारलं, ऑरिन काय करतोय, तर म्हणाली पाय उशीवर ठेवून बसलाय. तू जन्मात कधी दिवसाउजेडी पाय उशीवर ठेवून बसलेला नाहीस, तेव्हा पुढचं मी खोदून खोदून काढलं.) म्हणजे एप्रिलपासून गुडघा टम्म फुगलाय, फारसा दुखत नाही, कुठे पडला-धडपडला नाहीस, मधूनच अंगात कणकण असते, आणि हे सगळं वयामुळे आहे असं तुझं तूच ठरवलंस. डॉक्टरकडे म्हणे भिंत पुरी झाल्यावर जाणार. अरे, आपल्या पणजोबांनी रचलेली ती दगडी भिंत पडायलाच शंभर वर्षं लागली. ती पुन्हा उभी राहीपर्यंत गुडघा थांबेल का, हे एकदा त्याला तरी विचार.

माझं म्हणशील तर मी ठणठणीत आहे. हार्डवेअरच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या, खिडकीतली कुंडी आणि मी, तिघंही जागच्या जागी आहोत. फक्त वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून गावाचा असा समज झालाय की हेस्टर रिकामी आहे आणि तिला कुणीही उचलून कुठेही बसवावं. त्याप्रमाणे चर्चच्या जेवणात, शिंपल्यांचं सूप घ्यायला मी रांगेत उभी असताना शाळेच्या नर्स पेलेटियर बाईंनी मला गाठलं. दरवर्षी मे महिन्यात त्या तिसरीच्या मुलांना गोचिडीपासून कसं जपायचं आणि तिच्या चाव्याने होणारा लाइमचा आजार कसा टाळायचा ते शिकवतात. गेल्या वर्षी पडद्यावर चित्रं दाखवली तर निम्मी मुलं झोपली. यंदा त्यांना चित्र नको होतं, देह हवा होता. माझा. मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं भाषण करायचं असेल.

आता खरं सांगते, आपला जन्म या कनेक्टिकटच्या रानात गेला तरी गोचीड म्हणजे नेमकं काय ते मला धड ठाऊक नव्हतं. म्हणून आठवडाभर वाचलं, आणि ऑरिन, मला त्या प्राण्याचं वेडच लागलं. तिला डोळे नसतात, माहितीये? वास घेते ती पुढच्या पायांनी. गवताच्या पात्यावर चढते, मागच्या पायांनी पातं धरते आणि पुढचे पाय पसरून बसते, रस्त्याच्या कडेला कुणी हात दाखवून गाडी थांबवतं ना, तशी. कुणी आलं नाही तर? तर बसूनच राहते. दोन वर्षांच्या आयुष्यात तीनदाच जेवते. (आपल्या मेबल आत्याच्या अगदी उलट.) आणि तो आजार तिला हरणाकडून मिळतो असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, ते साफ चूक. तो मिळतो उंदरांकडून. उंदीर कुठे राहतात, तर जुन्या दगडी भिंतींच्या फटीत, वाळक्या पाचोळ्यात. हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि मला कुणाची तरी आठवण झाली, पण कुणाची ते त्या वेळी लक्षात आलं नाही.

मंगळवारी शाळेत गेले. भाषण वगैरे काही नव्हतं. पेलेटियर बाईंनी मला आधी आपल्या खोलीत नेलं आणि बोटभर गोंद घेऊन माझ्या अंगावर खसखस चिकटवायला सुरुवात केली. कारण गोचिडीचं पिल्लू असतं खसखशीच्या दाण्याएवढं, आणि चावतं जास्त तेच. कानामागे, केसांच्या कडेला, मनगटाच्या आत, मोज्याच्या इलॅस्टिकखाली. गुडघ्यामागेही लावणार होत्या, पण तिथे मला भयंकर गुदगुल्या होतात (तुला ठाऊकच आहे, तू त्याचा लहानपणी पुरेपूर फायदा घेतलायस), म्हणून तिथे मी त्यांना हात लावू दिला नाही. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडणार आहे.

वर्गात मला खुर्चीत बसवलं आणि आधी धडा झाला. फिकट रंगाचे कपडे घालायचे म्हणजे काळं काही चढलं तर दिसतं, पँट मोज्यांत खोचायची, पायवाटेच्या मधून चालायचं आणि कडेचं गवत खेटायचं नाही, फवारा मारायचा, घरी आलं की कपडे आधी ड्रायरमध्ये गरम करायचे आणि मग धुवायचे. (मी इतकी वर्षं उलटं करत आले. गोचीड धुण्यात मरत नाही, नुसती स्वच्छ होते.) चिकटलेली गोचीड दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. इथे मला राहवलं नाही. मी म्हटलं, आमचे बाबा तर काडी पेटवून चटका द्यायचे. पेलेटियर बाईंचा चेहरा असा झाला, जणू मी वर्गात सिगारेटच पेटवली. तसं मुळीच करायचं नाही, म्हणाल्या, आणि व्हॅसलीनही फासायचं नाही. तुझ्या मानेवर अजून तो डाग आहे ना ऑरिन, तो गोचिडीचा नव्हे. तो बाबांचा.

मग मी भरीस भर म्हणून तुझा सिद्धांत मुलांना सांगितला, की गोचिडी फक्त शनिवार-रविवारी न्यूयॉर्कहून येणाऱ्या पाहुण्यांना चावतात, इथल्या माणसांच्या वाटेला जात नाहीत. मला वाटलं मुलं हसतील. पुढच्या बाकावर ब्रिजेट नावाची एक पोरगी आहे, समोरचे दोन दात पडलेली, ती गंभीरपणे म्हणाली, "पण तिला डोळे नाहीत. तो न्यूयॉर्कचा आहे हे तिला कसं कळणार?" तू हा सिद्धांत तीस वर्षं उराशी धरून बसलायस, आणि आठ वर्षांच्या मुलीने तो बाईंनी खडू खाली ठेवायच्या आत निकालात काढला.

त्यानंतर माझी झडती. चाळीसेक हात, बहुतेक चिकट. सापडलेला दाणा पारदर्शक चिकटपट्टीवर घेऊन पांढऱ्या कागदावर चिकटवायचा, असा नियम. मुलं इतकं मन लावून शोधत होती की मला आपण एखादा नकाशा असल्यासारखं वाटायला लागलं. मधूनच प्रश्न. गोचिडीला बेंबी असते का? तिला आपल्या रक्ताची चव कळते का? चॉकलेट खाल्लं तर तिला गोड लागतं का? (मला एकाचंही उत्तर आलं नाही, आणि तिन्ही प्रश्न मला अजून छळताहेत.) एवढ्यात माझ्या डाव्या गुडघ्याच्या मागून ब्रिजेटचा आवाज आला की ही खसखस निघत नाही. मी गुदगुल्यांनी उडी मारली आणि मोठ्या अधिकाराने म्हटलं, गोंद जास्त लागलाय बाळ, जोर लाव.

"हेस्टरबाई," ती म्हणाली, "हिला पाय आहेत."

पेलेटियर बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. तिथे आम्ही काही लावलंच नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हे. गोचिडीवरचं सगळं वाचून डोक्यात भरलं, पण स्वतःचा पाय वळवून बघायचं सुचलं नाही. मुलांना मात्र असा आनंद झाला की काय सांगू. पेलेटियर बाईंनी चिमटा उचलला, सगळ्यांना गोल उभं केलं आणि ती सरळ वर ओढून काढली. एकाने टाळ्या वाजवल्या. मी भिंग मागून घेतलं. खरंच पुढचे पाय पसरलेले होते.

खरी मजा, किंवा जे काय म्हणशील ते, त्यानंतर सुरू झालं. ती थोडी फुगली होती, म्हणजे चावून दिवस तरी झाला असणार, असं बाईंनी सांगितल्यावर वर्गाने माझी उलटतपासणी घेतली. काल कुठे होतात? घरी, दुकानाच्या वर. बाग आहे? कुंडी आहे. कुत्रा? नाही. परवा? परवा रविवार होता, भावाकडे गेले होते. तिथे काय केलं? त्याने बांधायला घेतलेली भिंत बघितली आणि तिच्यावर बसून अंड्याचं सँडविच खाल्लं. कुठली भिंत? जुनी, दगडांची, मागे पाचोळा आहे. हे बोलता बोलता माझाच आवाज उतरत गेला. ते दोनदा वाचलेलं वाक्य कुणासाठी होतं ते मला तेव्हा कळलं. मग ब्रिजेटने विचारलं, "तुम्ही तिथे एकदाच बसलात. तुमचा भाऊ रोज बसतो. त्याला कुणी बघितलं का?"

काय सांगायचं होतं मी तिला? की तो गेल्या पानगळीपासून रोज त्या फटींत हात घालतोय, त्याचा गुडघा फुगलाय, आणि तो कुणाला बघू देत नाही? तेच सांगितलं. मग सगळ्यांदेखत पेलेटियर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, या भागात मार न लागता गुडघा फुगला तर आधी रक्त तपासायचं आणि मग वयाला दोष द्यायचा. लाइमच निघाला तर महिनाभर गोळ्या घेऊन बहुतेकांचा बरा होतो. अंगावर काढला तर ठाण मांडून बसतो. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, मोठ्या माणसांना कोण ओरडतं मग? मी म्हटलं, मोठी बहीण.

जाता जाता बाईंनी मुलांना घरचा अभ्यास दिला की रोज संध्याकाळी घरातल्या कुणाकडून तरी पाठ तपासून घ्यायची, कारण ती आपली आपल्याला दिसत नाही. ब्रिजेटने मला विचारलं, तुमची पाठ कोण बघतं? मी म्हटलं, आरसा. ती म्हणाली, आरशाला बोटं नसतात. मी कोट घातला आणि निघाले.

मी त्याच दिवशी डॉक्टरकडे गेले आणि एक गोळी घेऊन आले. एकच. तेवढ्याने भागलं, कारण कुणीतरी वेळेवर बघितलं होतं. जॉइसला सप्रेम, मांजराला थोपटणं, आणि भिंतीला माझ्याकडून काहीही नाही.

तुझी थोरली बहीण,
हेस्टर

ता. क. पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला तुझ्या नावाने डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तिकडच्या बाईने विचारलं, पेशंट यायला तयार आहे का? मी सांगितलं, अगदी अधीर झालाय.

ता. क. पत्र मिळालंच नाही असं म्हणायचा विचार असेल तर सोड. हेच पत्र जॉइसच्या नावाने एक दिवस आधी टाकलं आहे. कालपासून ती तुझ्याशी गोड बोलत असेल, ते यामुळेच.

ता. क. तिसरीच्या वर्गाला तुझी भिंत बघायची आहे. पांढरं फडकं गवतावरून ओढून गोचिडी पकडतात, ते त्यांना करायचंय. गुरुवारी गेलास तर मी त्यांना थोपवते. नाही गेलास तर शनिवारी सगळे भिंगं घेऊन येतील, आणि ब्रिजेटला पहिल्यांदा भिंत बघायची नाही, गुडघा बघायचा आहे. अर्धी चड्डी घालून ठेव.

ता. क. शेवटचं. आरशाचं मी खोटं सांगितलं. तो बाथरूममध्ये उंचावर आहे आणि माझी मान आता तेवढी वळत नाही. मंगळवारपासून सारखं पाठीवर काहीतरी चालतंय असं वाटतं, आणि बघायला इथे कुणी नाही. हे वर लिहायचं होतं, पण तुझ्या गुडघ्याच्या मागे लपवलं. मला फार एकटं वाटलं त्या पोरीच्या प्रश्नाने, ऑरिन. गुरुवारी दवाखान्यातून येताना मला तुमच्या घरी घेऊन जा. पाठ जॉइस बघेल. मान आणि कानामागे तू बघितलंस तरी चालेल, फक्त काडी पेटवू नकोस.