धक्क्यावरचा चिखल

शाहरानी, अरे खोटारड्या कवी,

आज शाळेच्या कार्यक्रमात माझ्या नातीनं तुझी कविता म्हटली. बांजरमासिनच्या धक्क्याला फळांची होडी लावून, जावा बेटाला निघालेल्या प्रियकराला अश्रूंनी निरोप देणारी ती मुलगी म्हणे मी!

मी ताडकन उठले. "काहीतरीच! मी रडले नव्हते. बोटीत चढताना हा घसरून नव्या पँटसकट चिखलात बसला, आणि मी पोट धरधरून हसले!"

कार्यक्रमाला आलेल्या, आमच्या तरंगत्या बाजारातल्या बायका खिदळल्या. बाजारात माझ्या शेजारी होडी लावणारी रुस्मिनी म्हणाली, "बस गं म्हातारे, आता कसली लाजतेस?"

नात पुढे म्हणत राहिली. शेवटच्या ओळीला माझेच डोळे वाहायला लागले, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या!

घरी येऊन तो दिवस आठवायला बसले, तर डोळ्यांसमोर तुझी पँट कोरडी ठणठणीत आणि मी मुळूमुळू रडतेय. चिखल कुठे गेला रे? तू गेल्यावर सारा जन्म मी त्या हसण्यावर काढला!

हे पत्र मी पाठवत नाही. पाठवलं तर तू याचीही कविता करशील, आणि मग तेच खरं होऊन बसेल.

त्या चिखलाची एकुलती एक साक्षीदार,
मस्नियाह