शूटिंगच्या बांगड्या

१० डिसेंबर २००८
तलावाच्या पाळीवर प्लायवूडचा किल्ला उभा झाला. राजा-राणीचा सिनेमा आहे म्हणे. यादोराव सरपंच घरोघरी बायका गोळा करत फिरतो आहे. धानाची चुरणी-मळणी आटोपली, आता काय काम, म्हणून सासूनं माझं नाव दिलं. आजकाल मी कशालाच नाही म्हणत नाही – हो पण म्हणत नाही.

११ डिसेंबर
ड्रेसवाल्या मॅडमनं नऊवारी नेसवली. मागून सगळ्या सेफ्टी पिना! दागिने लांबून राणीचे, हातात घेतले तर पत्रावळीसारखे हलके. कमरपट्ट्याला आतून चिकटपट्टी. नथ दाबाची, नाक लाल झालं. आरशात बरी दिसत होते. नवऱ्याला आवडलं असतं, असं मनात आलं आणि गेलं.

चैतराम बोअरच्या गाडीवर आंध्रात गेला, त्याला चौथं वर्ष. फोन नाही, पत्ता नाही. लोकांनी विचारणंही सोडलं. सासू मात्र दर संक्रांतीला मला स्वतः कासाराकडं नेते, हिरव्या बांगड्या भरते. पोरगा येईल म्हणते.

१२ डिसेंबर
उन्हात बसवलं. काहीच झालं नाही.

१३ डिसेंबर
आज गोंधळ. लढाईची बातमी येते आणि किल्ल्यातल्या बायका बांगड्या फोडतात, असा सीन. एकही बाई तयार होईना. नवरा घरी जिता असताना बांगड्या फोडायच्या? प्रेमिला तर नथ मॅडमच्या हातात देऊन घरी निघाली. मॅडमला समजेना – काचेच्याच तर आहेत, नव्या देऊ की!

शेवटी यादोरावनं तोड काढली. विधवांना सौभाग्याचा साज घालायचा, त्यांनी फोडायच्या. उद्या दोन रांगा. नवरा असलेल्या मिरवणुकीत, नसलेल्या इकडं.

मी कुठं उभी राहू?

१४ डिसेंबर
विधवांच्या रांगेत उभी राहिले. ठरवून नाही. पाय तिकडं गेले. शेजारच्या निर्मलाबाईनं दंड धरला. "काऊन इकडं आली? चैतरामचं काही समजलं का?"
"नाही. वाट पाहून थकली मी."

माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या मॅडमनं तशाच ठेवल्या, रंग चांगला येतो म्हणून. पहिल्याच फटक्यात त्या गेल्या. मग सीन पुन्हा. नव्या भरल्या, फोडल्या. पुन्हा भरल्या. निर्मलाबाईचं रडणं थांबेना, खरंखुरं रडत होती. मला माइकवरून ओरडत होते – रडा, रडा! रडू आलंच नाही. मनगट सोललं, तेही दुखलं नाही. मग कॅमेरा दुसरीकडं वळवला.

उघड्या हातांनी घरी आले. वाटलं, सासू शिव्या देईल. तिनं हात पाहिले. मला भात वाढला. स्वतः जेवली नाही.

१५ डिसेंबर
सकाळी चुलीपुढं सासू बोलली. "चैतराम गेला, बाई. दोन साल झाले. त्याच्या गाडीवरचा घनश्याम सांगून गेला. तिकडंच जाळलं म्हणे. तुले सांगतलं नाही मी. तुझ्या हातात बांगड्या दिसत, तं मले पोरगा जिता वाटे."

यादोराव शूटिंगला बोलवायला आला. सांगितलं, येत नाही. आमच्या घरी सुतक आहे.