निबंधाखालचं नाव

पेण, रविवार, १९ जानेवारी १९९७, सकाळचे सव्वासात. कपडे वाळत घालून लिहायला बसलो.

तीर्थरूप बाबा, तुमच्या आणि आईच्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. आईचा खोकला थांबला का?

संध्याकाळच्या वर्गात मी खाडीचं पाणी अडवणाऱ्या आपल्या खारबांधावर निबंध लिहिला. स्वल्पविराम एकही चुकला नाही. पण सर म्हणाले, "फुटलेला बांध बुजवायची ही रीत तुझ्या डोक्यातनं आली काय रे? ज्यानं शिकवली त्याचं नाव खाली लिही."

मी तुमचं लिहिलं. मग खोडलं. शिकवलं बाबाजीकाकांनी. सख्ख्या भावाशी तुम्ही सहा वर्षं बोलत नाही, तरी त्यांचंच नाव लिहिलं.

निबंध वर्गाच्या अंकात छापणार आहेत. गावात दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवतो. शिमग्याला येताना दोन अंक आणीन. एक तुमचा. दुसरा काकांना द्यायला जाईन, तेव्हा मला अडवू नका.

तुमचा,
निकेश