ह्यांच्या उरलेल्या गोळ्या

२ डिसेंबर १९९६, सोमवार
सकाळी उठले तर उजव्या डोळ्याची खालची अर्धी बाजू गायब. दुखत नाही, खुपत नाही. वर पंखा स्वच्छ, खाली करडा पडदा. चष्मा दोनदा धुतला. चहा कपात ओतला, पडला ओट्यावर. डावा डोळा लहानपणापासून मागच्या बाकावरचा. सगळा वर्ग उजवाच चालवतो. शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, "बेन, गरमी चढी गई छे. आंख पर दही मूको." डोळ्यावर दही! खाऊन टाकलं.

३ डिसें.
डोळ्यांचे डॉक्टर. माझ्या निम्म्या वयाचे आणि मला "मासी" म्हणतात. बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, "टीचर" म्हणायला काय जातं? थेंब घातले, आत दिवा मारला. चावताना जबडा दुखतो का? म्हटलं, बोलतानाही दुखत नाही, कुणालाही विचारा.
डोळ्यामागच्या नसेला रक्त कमी पडलं म्हणे. गेलेलं परत येईल याची खात्री नाही. वरची बाजू तरी टिकेल का, तेही आता सांगता येत नाही.
"बी.पी.ची गोळी?" सकाळी एक. "आणखी काही?" "नाही."
धडधडीत खोटं. तेही पाठ सरळ ठेवून. कॉन्व्हेंटचं शिक्षण असं कामी येतं.

५ डिसें.
रक्ताचा रिपोर्ट ठीक. मी ठीक नाही. नाशिकहून नीलूचा फोन. मुलगी म्हणून जन्मली, सासूसारखी बोलते. "आई, बास झालं सुरत, इकडे ये. जिना कसा उतरतेस?" म्हटलं, पायऱ्या मोजून, चौदा आहेत. आज तेराच निघाल्या आणि मी भिंतीला मिठी मारली, हे सांगितलं नाही.

७ डिसें.
इथे तरी खरं लिहावं. हे मार्चमध्ये गेले. त्यांच्या बी.पी.च्या गोळ्यांच्या चार पट्ट्या कपाटात राहिल्या. मुदत पुढच्या वर्षापर्यंत. चांगल्या गोळ्या फेकायच्या? दिवाळीपासून झोपताना त्यातली एक घेते. बी.पी. मलाही आहेच. ह्यांनी उरवलेलं जन्मभर मीच संपवलं. आमटी, शब्दकोडं, भांडण.
आता एक पट्टी उरलीय. डॉक्टरांना सांगायला हवं, पण तो पोरगा मला बावळट

९ डिसें.
गेले. पट्टी टेबलावर ठेवली, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
"मासी, झोपेत बी.पी. तसंही उतरतं. तुम्ही अजून खाली ढकललंत. नसेला रक्त पोचणार कसं?"
"म्हणजे माझ्यामुळेच?"
"कदाचित. खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही. पण ही गोळी आजपासून बंद."
मग हळूच म्हणाले, "मारी बा, म्हणजे आई, तीही पप्पांचाच चष्मा लावते. नंबर साफ वेगळा."
"पाठवा माझ्याकडे, चांगली ओरडते तिला."
पट्टी मागत होते. दिली नाही. म्हटलं, ठेवीन, खाणार नाही. "पक्कं?" "शिक्षिका आहे मी."
"ठीक छे, टीचर."
जिंकले.

२२ डिसें.
खालचं दिसत नाही तर मान खाली घालून चाला, असा डॉक्टरांचा हुकूम. शाळेत सिस्टर डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला लावायच्या. सासऱ्यांपुढे मान खाली घातली नाही ती आता हंसाबेनच्या वाटेत लोळणाऱ्या कुत्र्यासाठी घालते. तोही लोचट, उठत नाही. नीलूला कळवलं, येणार नाही. रुसली.

१४ जानेवारी १९९७
उत्तरायण. हंसाबेननी हात धरून गच्चीवर नेलं. मी ओरडले, त्यांनी सोडला नाही. उंधियूची ताटली नाकाशी धरून खाल्ली. खाली ठेवली की नाहीशी होते. पण आकाश! अख्खं. एकही पतंग अर्धा नाही. फिरकी माझ्याकडे दिली. ती दिसत नव्हती, पण मांजा सुटतो ते बोटांना कळतं. "ढील आपो, बेन!" "देते आहे ना, ओरडताय कशाला?" तीन पतंग कापले. दोन आमचेच होते.
उतरताना पायऱ्या चौदा भरल्या.
पट्टी कपाटात, ह्यांच्या रुमालाखाली. दहाच्या दहा.
सोमवारी पुन्हा दाखवायचं, वरची बाजू टिकली का ते. तोवर रोज जाग आली की आधी पंखा बघते. आज तिन्ही पाती होती.