टोरीचं पहिलं दूध

सूनबाई सोल्ही,

"आजी, वाटेत कुठे थांबू नका. हे पहिलं पिवळं दूध म्हणजे बाळाच्या आतड्याचं कवच," असं दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं. तरी त्या सोमवारी मी वाटेतल्या मंदिरात थांबले. पहिलं ते देवाचं, म्हणून तू घरी काढून दिलेल्या दुधाची छोटी बाटली बाळ-बाळंतिणीची राखण करणाऱ्या सामशिन देवीपुढच्या पाण्याच्या वाटीत रिती केली आणि तुला मात्र दवाखान्यात बाळाला पोचवली म्हणून सांगितलं. तू हसून म्हणालीस, "बरं झालं आई. तुमची देवी पाण्यावर भागवते, माझ्या टोरीचं नाही भागणार!" तेव्हाच बोलायला हवं होतं.

चौथ्या दिवशी टोरीचं पोट फुगलं आणि त्याचं दूध बंद करावं लागलं. डॉक्टर म्हणतात, दिवस न भरलेल्या बाळांना असं होतं, एक बाटली चुकल्याने नाही. माझ्या मनाला ते पटत नाही. क्षमा मागायलाही तोंड नाही.

आजपासून त्याला पुन्हा थेंब थेंब दूध देणार आहेत. बाळंतिणीचं समुद्री शेवाळाचं सूप झाकून ठेवलंय, गरम करून पी. तुझी सकाळची बाटली बर्फात घालून घेतली आहे. माझे रोजचे एकशे आठ नमस्कार राहिलेत, ते परत आल्यावर घालीन. वाटेत मंदिर लागेल. थांबणार नाही.

— आई