ढब्बूची टेस्ट मालिका

२ मार्च, रविवार

पोचलो एकदाचे! गळ्यात कार्ड अडकवलंय. फोटो माझा, खाली लिहिलंय ‘खेळाडूचा सोबती’. हॉटेलच्या दारातल्या रखवालदाराने आधी कार्ड वाचलं, मग मला न्याहाळलं, मग कडेवरच्या ढब्बूकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि हे कोण?" ढब्बूला कार्डच नाही! खरा सोबती तर तोच. सात महिन्यांचा. अंगावर पितो म्हणून आईबरोबर दौऱ्यावर. मी त्याचा हमाल.

अख्ख्या संघात बायका, आणि एकटा मी. निघताना कामावरच्या भागीदाराने जी चेष्टा केली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

खोली चौथ्या मजल्यावर. लिफ्ट थांबताना बारीक झटका देते. ब्रेक जुळवायला हवाय. पण मी सुट्टीवर आहे, आणि लिफ्टच्या मेकॅनिकने सुट्टीत जिन्यानेच जावं. डोक्याला ताप नाही.

३ मार्च, सोमवार

सराव बघितला. लग्नाला पाच वर्षं झाली तरी बायकोचा नेटबॉल मला कळत नाही, हे कुणाला सांगायची सोय नाही. बॉल हातात आला की पळायचं नाही! मग खेळ कसला? तीन सेकंदांत दुसरीला द्यायचा. जाळी उंच खांबावर, मागे फळीबिळी काही नाही. हिच्या छातीवर ‘जी.डी.’ अशी अक्षरं, गोल डिफेन्स. म्हणजे समोरची जी गोल मारणार तिला चिकटून राहायचं, पण धक्का लावायचा नाही. आणि बॉल तिच्या हातात गेला की तीन फूट लांब उभं राहायचं.

"मग चिकटायचं की लांब राहायचं?" मी विचारलं.

"दोन्ही," ही म्हणाली. "संसारासारखं."

सगळ्या पोरी खिदळल्या. मीही हसलो. टोमणा होता का? माहीत नाही.

४ मार्च, मंगळवार

मॅनेजरबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. एप्रिलपासून मोठा दौरा आहे, तीन महिन्यांचा. हिचं नाव पक्कं. पण — "बाळाची सवलत या मालिकेपुरतीच. लांबच्या दौऱ्यात बाळ नाही, सोबती नाही. मालिका संपेपर्यंत हो की नाही ते सांगा."

ही जागच्या जागी म्हणाली, "ढब्बूने बाटलीतून दूध घेतलं तर हो. नाही घेतलं तर नाही. विषय संपला."

विषय कसला संपतोय! बाटली म्हणजे ढब्बूची सात जन्मांची वैरीण. केळं चाटतो, भाताची पेज ओरपतो, पण दूध म्हटलं की आईच. काढून ठेवलेलं दूध कप, वाटी, बाटली कशातूनही दिलं तरी थू! थेट माझ्या तोंडावर.

बाळंतपणानंतर ही कशी परत उभी राहिली ते मी बघितलंय. पहाटे पळायला जायची आणि ओला शर्ट घेऊन रडत परत यायची. हा दौरा हुकला तर पुढच्या वेळी कोण विचारणार? म्हणून बाटली जमायलाच हवी. तीन महिने पोर एकट्याने सांभाळायचं... मी "जमवेन" म्हटलं. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हटलं.

५ मार्च, बुधवार

नवी बाटली. नवं निपल. ढब्बू जुनाच. शर्ट धुवायला टाकला.

६ मार्च, गुरुवार

पहिली टेस्ट. हरलो.

माझं काम मध्यंतरात. कपडे बदलायच्या खोलीत पुरुषाला बंदी, म्हणून मी दारापर्यंत. आतून मालिशवाल्या बाईंचे दोन हात बाहेर आले, मी ढब्बू दिला, दार बंद. पार्सल! बाहेर उभा. आत कोचबाई जाळीखालच्या चुकांवर ओरडतायत, आणि ही कोपऱ्यात पाजतेय. शिट्टी व्हायच्या आत ढब्बू परत माझ्याकडे, ओठांवर दूध, तृप्त! आणि ही परत मैदानावर, त्यांच्या गोल मारणारीपुढे. तिला आमच्या पोरी ‘खांब’ म्हणतात. नुसता हात वर केला तरी जाळीला लागतो.

शेवटच्या पंधरा मिनिटांत हिला बाहेर बसवलं. कोचबाई म्हणाल्या म्हणे, "तुझं अर्धं लक्ष घड्याळावर असतं." रात्री ही भिंतीकडे तोंड करून झोपली. मी डोक्यावरून हात फिरवला तर म्हणाली, "आज नको."

७ मार्च, शुक्रवार

आईचा फोन. "अरे, बायकोच्या मागेमागे पोर घेऊन किती दिवस हिंडणार? तुझं कामधाम?" मग लगेच, "ढब्बूला टोपी घालतोस ना?" माझी आई नक्की कुणाच्या बाजूने आहे ते आजवर कळलेलं नाही.

८ मार्च, शनिवार

घेतली!!

ही सरावाला गेली होती. ढब्बूने रडून मजला डोक्यावर घेतला. शेजारच्या खोलीतली बाई दारात येऊन उभी राहिली. मी घाबरून त्याला उचलला, बाटली काखेत मारली आणि शिरलो लिफ्टमध्ये. लिफ्ट हलली आणि साहेब गप्प! दोरांची ती घरघर असते ना, ती पायातून अंगात येते. मला तर त्या आवाजाने घरी असल्यासारखंच वाटतं. बापाचं रक्त! मी सहज निपल तोंडाशी नेलं. त्याने घेतलं. वर, खाली, वर, खाली. लोक चढतायत, उतरतायत, एक म्हातारे गृहस्थ "वा वा" करतायत, आणि हा डोळे मिटून पितोय. अख्खी बाटली! मला नाचावंसं वाटलं.

ही आली. "काय, काही घेतलं?"

मी म्हटलं, "नाही. सांडलं."

का म्हटलं? देवाशपथ, मला माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.

९ मार्च, रविवार

आजही लिफ्टमध्ये घेतली. आजही "सांडलं."

"किती सांडतोस रे!" ही म्हणाली. काढायला किती वेळ लागतो, कसं दुखतं, ते मला माहीत आहे. सांगायला तोंड उघडलं. मग म्हटलं, उद्या टेस्ट आहे, तिच्या डोक्यात आत्ता दौऱ्याचा विचार नको. किती छान कारण! माझं मलाच पटलं नाही.

मला ती जायला हवीय. मला ती जायला नकोय. दोन्ही खरं आहे. असं कसं असेल?

१० मार्च, सोमवार

दुसरी टेस्ट. एका गोलने जिंकलो. पण मी मेलो.

सामन्याआधी ढब्बू किरकिरत होता म्हणून मी बाटली घेऊन लिफ्टची एक फेरी मारून आणली. मध्यंतरात दारातून पार्सल आत. आतून हिचा आवाज — "घे ना रे. घे ना राजा." मग, "हा घेत नाहीये! याला काय झालंय?" मग कोचबाई, मग धावपळ, मग डॉक्टरीणबाई. दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बाळ ठणठणीत आहे. पोट भरलंय त्याचं."

"केळं दिलं होतं," मी म्हटलं.

उरलेला खेळ ही दगड झाल्यासारखी खेळली. खांबाने एकामागून एक गोल घातले. शेवटी कप्तानने बॉल अडवला म्हणून वाचलो. सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि ही सरळ धावत माझ्याकडे आली, घामाने चिंब, ढब्बूचं कपाळ तपासायला. माझ्यासारखा हलकट नवरा शोधून सापडायचा नाही.

११ मार्च, मंगळवार

ही सकाळी केस विंचरताना शांतपणे म्हणाली, "मी मॅनेजरबाईंना नाही सांगते. तो बाटली घेत नाही आणि माझं खेळात लक्ष नाही. दोन्हीकडून गेले."

मी नुसतं गप्प बसलो असतो तरी पुरे होतं. बास. गप्प बसलो की ही घरी, ढब्बू घरी, मी कामावर, संध्याकाळी तिघं जेवायला एकत्र. कुणालाही काही कळलं नसतं.

म्हटलं, "उद्यापर्यंत थांब."

"उद्या काय होणारे?"

"थांब म्हटलं ना!" उगाच ओरडलो.

१२ मार्च, बुधवार

हिला लिफ्टमध्ये नेलं. तिला कोपऱ्यात मागे उभी केली, ढब्बूला ती दिसू नये म्हणून. बटण दाबलं. बाटली दिली. तो प्यायला.

ही बघत राहिली. आधी तोंडावर हात. मग हसली, अगदी पोटातून. मग हसू थांबलं.

"कधीपासून?"

"शनिवार."

दार उघडलं. दुसरा मजला. आमचं तिथे काही काम नाही. तरी ही उतरली आणि निघून गेली. मी दार धरून ठेवायला हवं होतं. आयुष्यभर लिफ्टची दारं दुरुस्त केली आणि नेमकं तेव्हा हात पुढे गेला नाही.

१३ मार्च, गुरुवार

बोलत नाही. मॅनेजरबाईंना "हो" कळवलंय, हेही मला मालिशवाल्या बाईंकडून कळलं.

१४ मार्च, शुक्रवार

तिसरी टेस्ट. मालिका हरलो. बरोबरी झाली, जादा वेळ दिला, त्यात दोन गोलने गेलो.

पण ही काय खेळली! मध्यंतरात बोलावणं नव्हतं. ढब्बू मैदानामागच्या सामानाच्या लिफ्टमध्ये पिऊन माझ्या खांद्यावर झोपलेला. मी पहिल्यांदाच उत्तरार्ध बसून बघितला. खांब बॉल घेऊन उभी, ही तीन फुटांवर एका पायावर पुढे झुकलेली, हात ताणलेला. पडत कशी नाही? बॉल सुटला, हिने बोटांच्या टोकाने फिरवला. मी "शाब्बास!" म्हणून असा ओरडलो की ढब्बू दचकून रडायला लागला. पुढची बाई वळून म्हणाली, "अहो, तो फाऊल होता." असेल! मला काय कळतंय!

खोलीवर आल्यावर बोलली. बूट काढता काढता.

"का लपवलंस?"

"माहीत नाही. तू जाशील म्हणून असेल. तू राहिलीस तर तुझं वाटोळं होईल हेही कळत होतं. मला काहीच धड कळत नव्हतं."

तिने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. मग म्हणाली, "मी रोज सरावाहून येताना जिन्यात थांबायचे. म्हणायचे, आज घेतली असू दे. आणि तू ‘सांडलं’ म्हणालास की मला बरं वाटायचं. इतकं बरं वाटायचं ना! मग स्वतःचाच राग यायचा."

मग आम्ही दोघंही रडलो. ढब्बू आमच्याकडे बघून हसत होता.

"सांभाळशील?" तिने विचारलं. पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं.

"सांभाळीन."

२ एप्रिल, बुधवार

बॅग भरून झाली. ढब्बूचं एक झबलं तिने न धुता स्वतःच्या कपड्यांत ठेवलं. तिला वाटतंय मी बघितलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार

ती गेली. दुपारपासून ढब्बू बाटलीला तोंड लावत नाहीये. आमच्या लिफ्टमध्ये नेलं, समोरच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये नेलं — थू! आता पेजेत दूध कालवून चमचा चमचा भरवतोय. रडतोय, गिळतोय, रडतोय. विमानतळावरून तिचा फोन आला, "घेतली का रे बाटली?"

म्हटलं, "घेतली की! अख्खी!"